मातीतली ओल आणि पुढचे हवामान

वातावरणाची स्मृती सुमारे दोन आठवड्यांत पुसली जाते. परंतु मातीत मुरलेली ओल कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही टिकत असल्याने, दोन आठवड्यांपलीकडचे अनुमान बांधणाऱ्यास आकाशाइतकीच जमिनीचीही दखल घ्यावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्ची पडते; जमीन सुकली की हीच वाचलेली उष्णता थेट हवा तापविते, आणि 2003 सालच्या युरोपातील काहिलीला कोरड्या मातीने असाच हातभार लावला होता. वाळवंटात वा चिंब मुलखात मात्र ओलीचा अंमल फारसा चालत नाही. तो चालतो मधल्या प्रदेशांत, ज्यांत 2004 सालच्या एका अभ्यासाने भारतही गणला. ही ओल मोजणारा 2015 पासूनचा ‘स्मॅप’ उपग्रह मातीचा जेमतेम वरचा 5 सेंटिमीटरांचा थर पाहतो; मुळांपाशी किती पाणी आहे, याचा हिशेब गणितानेच मांडावा लागतो.