गुणवत्ता मैदानावर, जागा मात्र वारशाने!

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या देशात फक्त राखीव जागांचा विषय निघाला की आठवतो. मंदिराच्या गाभाऱ्यात, डोनेशन भरून मिळवलेल्या प्रवेशात, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या आमदारकीत गुणवत्तेची चौकशी कोणी करीत नाही. जन्माने मिळालेली जागा ही जणू निसर्गाचीच देणगी! हा रोग एकट्या भारताचा नाही. युरोपातील महिला रग्बीच्या ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धेचा इतिहास पाहिला की हे लक्षात येते.

पंधरा-पंधरा खेळाडूंचा, लांबट चेंडूचा, अंगाला अंग भिडवणारा हा खेळ. महिलांची ही स्पर्धा १९९६ साली इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांनी सुरू केली. १९९९ मध्ये फ्रान्स आला, २००० मध्ये स्पेन आला. २००२ पासून सहा संघ झाले आणि सहावी जागा स्पेनची होती. पुरुषांच्या स्पर्धेत मात्र २००० पासून सहावा संघ इटलीचा होता.

मग २००७ साली स्पेनच्या महिलांना बाहेर काढून इटलीच्या महिलांना आत घेण्यात आले. स्पेनच्या मुली मैदानावर हरल्या म्हणून नव्हे. पुरुषांच्या यादीत इटली आहे, म्हणून महिलांच्या यादीतही इटलीच हवी, एवढाच हिशेब! स्त्रीची ओळख बापावरून, नवऱ्यावरून ठरविणारी मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाडला जाळली गेली. तिचा विचार मात्र अशी वेगवेगळी वस्त्रे घालून जगभर फिरत असतो.

पुढे काय झाले? २०१४ च्या विश्वचषकासाठी २०१३ साली माद्रिदला पात्रता फेरी झाली. तिथे वारसा चालत नव्हता, गुण मोजले जात होते. स्पेन पात्र ठरला. सिक्स नेशन्समध्ये जागा असलेले इटली आणि स्कॉटलंड घरी राहिले. २०१७ च्या विश्वचषकातही स्पेन होता, स्कॉटलंड नव्हता. तरीही सिक्स नेशन्सचे दार स्पेनसाठी उघडले नाही. कारण तिथे वर चढण्याची आणि खाली उतरण्याची शिडीच नाही. जिना नसलेल्या बहुमजली इमारतीत जो ज्या मजल्यावर जन्मला, तो तिथेच मरतो. आपल्याला ही इमारत चांगलीच परिचयाची आहे.

इटलीच्या मुलींशी आपले भांडण नाही. उलट त्यांची कहाणी आपल्याच बाजूची साक्ष देते. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला पराभवच जास्त आले. पण दर वर्षी बलाढ्य संघांशी खेळण्याची संधी मिळाली आणि २०१९ मध्ये त्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या. २०२२ साली झालेल्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या. गुणवत्ता आईच्या पोटातून येत नाही. ती संधीतून, सरावातून, साधनांतून घडते. आरक्षणाला विरोध करणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे. इटलीला जे मिळाले, ते स्पेनकडून काढून का घेतले, एवढाच प्रश्न आहे.

साधनांचेही तसेच. इंग्लंडच्या २८ महिला खेळाडूंना पूर्णवेळ पगाराचे करार मिळाले ते २०१९ साली. पुरुषांचा खेळ १९९५ मध्येच व्यावसायिक झाला होता. बायकांचा खेळ बघायला कोण येते, असे म्हणणारे होतेच. २०२३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स सामन्याला ट्विकनहॅमवर ५८,४९८ प्रेक्षक आले. २०२५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला त्याच मैदानावर ८१,८८५!

आपल्याला पाळवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजाचा गोलंदाज. त्यांच्या चेंडूवर जिंकायला हिंदू संघ तयार होता, कर्णधारपद द्यायला तयार नव्हता. ते पद १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही संघर्षानंतर. घाम आमचा, निर्णय त्यांचा, ही रीत जुनीच.

म्हणून खरा प्रश्न निर्णयाच्या खुर्चीचा आहे. स्पेनचा निकाल मैदानावर लागला नाही, बंद खोलीत लागला. १९९१ साली वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाची अधिकृत मान्यता नव्हती. लंडनच्या रिचमंड क्लबच्या चार महिलांनी तो स्वतःच्या हिमतीवर भरवला. त्यांतल्या डेबोरा ग्रिफिन २०२५ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मान्यतेची वाट न पाहता उभे राहायचे आणि मग खुर्चीही घ्यायची, हा तो मार्ग.

शासनकर्ती जमात बना, असे बाबासाहेब सांगत होते ते याचसाठी. आपल्या वस्त्यांतल्या मुली आज कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या मैदानावर घाम गाळताहेत. त्यांना टाळ्या जरूर द्या. पण जिल्ह्याच्या, राज्याच्या क्रीडा संघटनांच्या निवड समितीत आपले किती आणि आपल्या बाया किती, हेही विचारा. यादी तिथे तयार होते!