पाण्याखालच्या रानात कोण कुठे राहते?

तळ्याच्या काठाशी वाढलेल्या पाणवनस्पतीची एक जुडी हलकेच उपटून पाणी भरलेल्या पांढऱ्या थाळीत झटकून पाहा. (काठावरूनच, आणि कोणी मोठे माणूस बरोबर असताना!) क्षणापूर्वी नुसता हिरवा गुंता वाटणाऱ्या त्या जुडीतून इवल्या गोगलगाई, तांबड्या अळ्या, चतुरांची पिल्ले, उड्या मारीत पोहणाऱ्या पाणपिसवा बाहेर पडतील. आता दुसऱ्या जातीची वनस्पती घ्या. संख्या तेवढीच भरेल का?

१९३९ साली क्रेकर या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील ईरी सरोवरात अशीच मोजणी केली. बारीक चिरलेल्या पानांच्या मायरिओफायलमवर प्राण्यांची दाटी होती. फितीसारख्या पानांच्या व्हॅलिसनेरियावर सर्वांत कमी. असे का व्हावे?

मी पदार्थविज्ञानाचा माणूस, म्हणून आधी पृष्ठफळ मोजतो. १० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड अशी फीत घ्या. तिच्या छेदाची परिमिती २२ मिलिमीटर. तीच उभी चिरून १० चौकोनी धागे केले, तर प्रत्येकाची परिमिती ४, एकूण ४० मिलिमीटर. पदार्थ तेवढाच, पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट! या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालाचा बुळबुळीत थर चढतो. पुष्कळशा गोगलगाई व अळ्या खातात तो हा थर, पान नव्हे. म्हणून तर प्लास्टिकची खोटी झाडे पाण्यात सोडली तरी हे भाडेकरू तेथे राहायला येतात.

दुसरे कारण माशांचे. गुंत्यात माशाला नीट दिसत नाही, वळताही येत नाही. पाणपिसू पाणी गाळून त्यातले शैवाल खाते. दिवसा ती मोकळ्या पाण्यात गेली तर मासा तिला टिपतो. म्हणून अनेक उथळ तळ्यांत ती दिवसा वनस्पतींत दडते आणि अंधार पडल्यावर बाहेर पडते. १९८४ साली टिम्स आणि मॉस यांनी इंग्लंडमधील नॉर्फक भागातल्या एका उथळ तळ्याविषयी लिहिले. कुमुदिनींच्या भागातले पाणी नितळ, लगतच्या मोकळ्या भागातले शैवालाने गढूळ; मासे मात्र दोन्हीकडे होते! तेव्हा तळे 'स्वच्छ' करायचे म्हणून सगळी वनस्पती उपटली, तर पाणी उलट हिरवे होण्याचा संभव असतो.

पण हा नियम सरसकट लावू नका. डेन्मार्क व उरुग्वे येथील तळ्यांत सारखीच प्लास्टिकची झाडे ठेवून केलेली तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. डेन्मार्कमध्ये पाणपिसवा झाडांत लपल्या. अधिक उष्ण अशा उरुग्वेत लहान मासेच झाडांत ठाण मांडून होते, आणि पाणपिसवांनी झाडे टाळली!

आपली तळीही उष्णच. तेव्हा मोजणी तुम्हीच करा. मात्र जुडी निथळून तिचे वजन करा आणि प्राण्यांच्या संख्येला त्या वजनाने भागा. नाहीतर मोठी जुडीच नेहमी जिंकेल. मोजून झाल्यावर प्राणी पुन्हा त्याच तळ्यात सोडा.