पुन्हा ऐकताना 'शिवकल्याण राजा'

गेल्या पावसाळ्यात मासवणच्या घरी माळा आवरताना जुन्या वह्यांखाली 'शिवकल्याण राजा'ची कॅसेट सापडली. फीत सैल पडली होती. पेन्सिल घालून ती गुंडाळली आणि टेपरेकॉर्डर लावला. बाहेर पाऊस होता, सूर्या नदी भरून वाहत होती. अण्णा झोपाळ्यावर बसले होते.

शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १९७४ साली ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. शब्द मात्र कुणा एका कवीचे नाहीत. समर्थ रामदास आणि भूषणापासून सावरकर, गोविंदाग्रज, कुसुमाग्रजांपर्यंत कितीतरी कवी इथे भेटतात. बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर'ने तिकडच्या लोकांना आख्खी तबकडी सलग ऐकायला लावली, असे म्हणतात. आमच्या घराला ती सवय या कॅसेटने लागली.

अर्थात, आम्हा मुलांची ऐकण्याची तऱ्हा वेगळी होती. शिवजयंतीला गावात कर्णा लागे. सात वीरांचे गाणे सुरू झाले की आम्ही लाकडी तलवारी उपसत असू. घरी मात्र गोविंदाग्रजांची अंगाई आली की ती पुढे पळवायची! बाजीप्रभूंचे संथ गाणेही तसेच.

आज तीच दोन गाणी मला धरून ठेवतात. बाळ शिवबा झोपत नाही म्हणून त्याला समजावणारी आई, आणि घोडखिंडीत तोफांच्या आवाजासाठी प्राण रोखून धरलेले बाजी. दोघांनाही आवाज लताबाईंचाच. लढवय्याच्या तोंडचे शब्द एका बाईच्या गळ्यातून येतात, तेव्हा त्यातला आवेश मागे राहतो आणि थकवा पुढे येतो. लहानपणी मला हे पराक्रमाचे गाणे वाटे. ते खरे तर वाट पाहण्याचे आहे.

मग कुसुमाग्रजांचे सात वीर आले. हरलेल्या बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिले, म्हणून महाराज रागावले. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप गेला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव सहा स्वारांसह शत्रूवर तुटून पडले. सातही जण गेले. पुढे ६ जूनला राज्याभिषेक झाला, तेव्हा तो सरनोबत तिथे नव्हता.

दादा बारावीला नापास झाला, तेव्हा अण्णा त्याला असेच बोलले होते. पास झाल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस! दादा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. मासवणपासून बोईसर ते किती लांब? पण दोन वर्षे तो घरी फिरकला नाही. आई रात्री शेवटच्या एसटीचा आवाज येईपर्यंत जागी असायची. तिच्या आजारपणात तो आला, पुढे येत-जात राहिला. त्या वाक्याबद्दल मात्र कुणीच काही बोलले नाही.

गाणे संपले. टेप बंद करावा म्हणून मी उठलो, तर अण्णा म्हणाले, "मागे घे. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ते संपेपर्यंत अंधारून आले होते. जरा वेळाने ते म्हणाले, "दादाला फोन लाव. माझ्याकडे दे."