झाकली मूठ कोणाच्या फायद्याची?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. मूठ ज्याची असते त्याच्या बाजूने ही म्हण अगदी खरी आहे. परंतु ती झाकलेली मूठ पैसे देऊन विकत घेणाऱ्याने काय करावे, हे म्हण सांगत नाही. आज आम्ही वाचकांचे लक्ष या दुसऱ्या माणसाकडे वेधू इच्छितो, आणि तेही अशा एका बाजारात जिथे आमच्या वयाचे कार्यकर्ते सहसा फिरकत नाहीत. हा बाजार आहे व्हिडिओ गेमचा.

निमित्त घरचेच आहे. आमच्या ताईचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, महिन्याला चार हजार रुपये कमावतो. त्यातले काही घरी देतो, काही पुस्तकांना जातात आणि काही गेमवर. एका रविवारी ताईने आम्हाला बोलावून घेतले. "तू वकील ना? मग सांग याला काहीतरी. हा पैसे देतो आणि काय घेतले ते यालाच माहीत नसते!" आम्हाला वाटले, पोरगा कुठेतरी फसला. पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, "मामा, फसवणूक नाही. मिस्ट्री बंडल आहे. काय निघेल ते माहीत नसते, तीच तर मजा आहे."

चळवळीच्या दैनिकात खेळांवर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, ज्या घरातून दर महिन्याला चारशे-पाचशे रुपये जातात त्या घरात हा विषय आपल्या आधीच पोहोचलेला आहे.

तर हा व्यवहार असतो कसा, ते आधी पाहू. संगणकावरचा गेम आता तबकडीवर क्वचितच येतो. स्टीम नावाचे एक मोठे दुकान आहे, ते अमेरिकेतील व्हॉल्व्ह ही कंपनी चालवते. गेम तिथून थेट विकत घेता येतो. किंवा दुसऱ्या एखाद्या दुकानातून अक्षरे आणि अंकांचा एक संकेत विकत घ्यायचा आणि तो स्टीममध्ये भरून गेम उघडायचा. या संकेताला मुले 'की' म्हणतात, आपण चावी म्हणू. मिस्ट्री विक्रीत दुकानदार चावी विकतो, पण ती कोणत्या गेमची हे सांगत नाही. पैसे भरल्यावर चावी उघडते आणि मग कळते. आमच्या लहानपणी जत्रेत सोरट असायचे. चार आणे द्यायचे, चिठ्ठी ओढायची, बहुधा गोळी नाहीतर फुगा निघायचा आणि वर टांगलेले घड्याळ वर्षानुवर्षे तिथेच टांगलेले असायचे. प्रकार तोच आहे, फक्त घड्याळाच्या जागी आता साठ डॉलरच्या गेमचे चित्र आहे.

दुकानदार असे का करतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय फायद्या-तोट्याचा विचार पुढे सरकत नाही. गेम बनवणाऱ्याला चावी तयार करायला खर्च येत नाही. स्टीमवर थेट झालेल्या विक्रीतून व्हॉल्व्ह साधारणतः ३० टक्के वाटा घेते, पण बाहेर विकल्या गेलेल्या चावीवर तो वाटा घेत नाही. दुसरीकडे स्टीमवर आता दरवर्षी दहा हजारांहून अधिक नवे गेम येतात. त्यातले बहुसंख्य कोणी विचारतही नाही. असा न खपणारा गेम दुकानदाराने उघडपणे वीस रुपयांना लावला, तर त्याची किंमत लोकांच्या डोक्यात कायमची वीस रुपये होते. झाकून विकला तर तो वीस रुपयांत गेला हे कोणाला कळतच नाही! थोडक्यात, जो माल उघड्यावर खपत नाही त्याला फडके बांधून खपवण्याची ही सोय आहे. यात गुन्हा काही नाही. परंतु माल पडून राहण्याची जी जोखीम व्यापाऱ्याची होती ती या फडक्याखालून ग्राहकाच्या खिशात सरकते, हे ग्राहकाने समजून घेतले पाहिजे.

आता हिशेब. समजण्यासाठी आम्ही एक उदाहरण मांडतो, हे आकडे आमचे आहेत, कोणत्या दुकानाचे नव्हेत. १०० चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीची किंमत १०० रुपये. दोन चिठ्ठ्यांत हजार रुपयांचा गेम, आठ चिठ्ठ्यांत तीनशेचा आणि उरलेल्या नव्वद चिठ्ठ्यांत असा गेम, जो सवलतीच्या दिवसांत कोणालाही ४० रुपयांत मिळतो. सगळ्यांची बेरीज ८,००० रुपये. दुकानदाराच्या हाती येतात १०,०००. म्हणजे सरासरीनेच ग्राहक वीस रुपयांनी खाली. आणि सरासरी तरी कोणाच्या वाट्याला येते? शंभरातल्या नव्वद जणांना ४० रुपयांचाच माल मिळतो. "एक नाही, पाच घेईन" असे कोणी म्हणेल. पाच घेतल्या तरी दहातल्या नऊ जणांना हजाराचा गेम लागत नाही. गणिताच्या विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे.

गंमत अशी की, याच विक्रीची जाहिरात "किमान ५०० रुपयांचा गेम फक्त १०० रुपयांत" अशी करता येते आणि ती कागदोपत्री खरी असते! कारण त्या ४० रुपयांच्या गेमवर छापील किंमत ५०० असते. वर्षातून चार वेळा ज्यावर ९२ टक्के सूट लागते, त्याच्या छापील किमतीला काय अर्थ? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, झाकलेल्या मालाची किंमत त्यातल्या सर्वांत मोठ्या वस्तूवरून करू नये, छापील किमतीवरून तर नाहीच नाही. यादीतला सर्वांत हलका गेम आजवर कमीत कमी कितीला विकला गेला, तो भाव धरावा. प्रत्येक गेमचा असा नीचांक नोंदवून ठेवणाऱ्या सोयी आहेत, तरुणांना त्या चांगल्या ठाऊक असतात. फक्त मिस्ट्रीच्या वेळी ते तिथे पाहत नाहीत.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक फटका आहे. स्टीमने नोव्हेंबर २०१५ पासून आपल्याकडे रुपयांत भाव लावायला सुरुवात केली आणि अनेक गेमचे रुपयांतले भाव अमेरिकेतल्या भावापेक्षा बरेच कमी आहेत. मिस्ट्री चावीवरची "एवढ्या डॉलरची बचत" मात्र अमेरिकन भावाने मोजलेली असते. जो माल आपल्याला मुळातच स्वस्त आहे, त्यावर परदेशी भावाने मोजलेली बचत दाखवली जाते.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तुमचे गणित वेगळे. माझी वही बघा." पोराने वही ठेवली होती, याचे आम्हाला बरे वाटले. आठ महिन्यांत २६ चाव्या, प्रत्येकी दीडशे रुपये, एकूण ३,९०० रुपये. त्यांपैकी ७ गेम त्याच्याकडे आधीपासूनच होते. २ चाव्या चालल्याच नाहीत. १२ गेम त्याने एकदाही उघडले नाहीत. ५ गेम तो खरोखर खेळला. आम्ही दोघांनी बसून नव्याने मिळालेल्या सतराही गेमचे नीचांक भाव शोधले. बेरीज आली १,६१० रुपये. खेळलेल्या पाचांची बेरीज ६४० रुपये. आणि ज्या एका गेमसाठी तो दोन वर्षांपासून झुरत होता तो याच आठ महिन्यांत तीन वेळा १,२०० रुपयांना लागला होता. तिन्ही वेळा त्याच्याकडे पैसे नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ७ गेम दोनदा आले, हा योगायोग नव्हे. ज्याच्याकडे आधीच बरेच गेम आहेत, त्याच्याकडे चांगले आणि गाजलेले गेम असण्याची शक्यता अधिक. म्हणजे पोतडीतून चांगला गेम निघाला तर तोच नेमका घरी असतो आणि घरी नसलेला निघाला तर तो कोणालाच नको असलेला असतो. म्हणून या विक्रीत लाभ झालाच तर तो नवख्याला, ज्याचे कपाट रिकामे आहे त्याला होतो. अट्टल ग्राहक, जो सर्वांत जास्त वेळा घेतो, तोच सर्वांत जास्त हरतो. बरे, नको असलेला गेम परतही जात नाही. स्टीमवर थेट घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, ही सोय २०१५ पासून आहे. बाहेरून घेतलेल्या चावीला ती लागू नाही.

आता ज्यांनी हा धंदा मोठ्या प्रमाणावर केला, त्यांचाच दाखला पाहू. हंबल बंडल ही अमेरिकन कंपनी २०१० पासून गेमचे गठ्ठे स्वस्तात विकते. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिने 'हंबल मंथली' सुरू केले. महिन्याला १२ डॉलर भरायचे. एखादा नामांकित गेम आधी दाखवला जाई, 'सिव्हिलायझेशन ६' सारखा, आणि बाकीचे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उघडत. निदान एका गेमची खात्री होती, त्यामुळे आमच्या मते हा प्रकार साध्या सोरटापेक्षा बरा होता. आणि तरीही डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने तो बंद केला. त्याच्या जागी 'हंबल चॉइस' आले आणि त्यात महिन्याचे सगळे गेम आधीच नावानिशी दिसू लागले. चार वर्षे बंद मूठ विकून शेवटी त्यांनीच ती उघडी केली. उघड्या मुठीला ग्राहक मिळतो, हे यातून दिसते.

याउलट १४ मे २०२० चा प्रसंग. एपिक या दुकानाने एक 'मिस्ट्री गेम' झाकून ठेवला होता. उघडला तेव्हा तो जीटीए ५ निघाला, आणि तोही फुकट. गर्दी एवढी उसळली की दुकानाची यंत्रणा कोलमडली. फुकटच्या मुठीला आमचा काहीच आक्षेप नाही, वाचकांनी खुशाल घ्यावी.

वकील म्हणून आम्हाला लोक विचारतात, हा जुगार नाही का? प्रामाणिक उत्तर असे की, सरळसरळ नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवते; पण पैजेत दोन्ही बाजूंना हरण्याची शक्यता लागते. येथे दुकानदार कधी हरतच नाही! त्याच कायद्याचे कलम २९ अनिश्चित करार निरर्थक ठरवते. त्याखाली दोन सुंदर उदाहरणे आहेत. कोणत्या प्रकारचे तेल हे न सांगता शंभर टन तेल विकण्याचा करार टिकत नाही. मात्र रामनगरच्या कोठारातले सगळे धान्य विकण्याचा करार टिकतो, कारण कोठार उघडले की काय ते कळते. आमच्या मते, ज्या मिस्ट्री विक्रीत शक्य असलेल्या गेमची पूर्ण यादी जाहीर केलेली आहे ती कोठाराच्या जवळ जाते. जिथे यादीच नाही, तिथे तेलाचा प्रश्न उभा राहतो. खेळाच्या आत पैसे घेऊन उघडायच्या पेट्यांचा विषय वेगळा आहे. जपानने २०१२ मध्ये त्यातल्या एका प्रकाराला बंदी केली, बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले आणि नेदरलँड्सच्या वरिष्ठ न्यायपीठाने २०२२ मध्ये उलटा निर्णय दिला. त्यावर पुन्हा कधीतरी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र आपल्या कामाचा आहे. मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. "फक्त दोन तास उरले" म्हणून रोज तेच घड्याळ दाखवणे हे नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांत बसणारे कृत्य आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला सांगता येते. परदेशी दुकानावर आदेश बजावणे किती जिकिरीचे असते, हे आम्ही जाणतो. तरी न चाललेल्या चावीसाठी एक लेखी पत्र पुष्कळदा पुरते. भाच्याच्या दोन चाव्यांसाठी आम्ही असेच चार ओळींचे पत्र पाठवायला लावले. एकीची बदली चावी आली, दुसरीचे पैसे परत आले.

भाच्याची एक बाजू आम्ही लपवणार नाही. खेळलेल्या पाचांपैकी एक गेम त्याला इतका आवडला की त्याने तो मित्राला पदरचे पैसे घालून घेऊन दिला. "मामा, हा मी स्वतःहून कधीच घेतला नसता," तो म्हणाला. याची किंमत आमच्या हिशेबात बसत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यासाठी २६ चाव्या लागल्या, हे त्यानेही मान्य केले. तेव्हापासून त्याने नियम केला: यादी जाहीर असेल, आपल्याकडचे गेम त्यात मोजकेच असतील आणि किंमत सर्वांत हलक्या गेमच्या नीचांकापेक्षा कमी असेल, तरच घ्यायचे. आठ महिन्यांतल्या सव्वीस खरेद्यांपैकी एकही या नियमात बसत नव्हती.

मागच्या महिन्यात तो धावत आला. एक विक्री नियमात बसली होती. ४० गेमची यादी, सर्वांत हलक्याचा नीचांक ९० रुपये, चावी ८५ रुपयांना, आणि चाळीसांतले फक्त ६ त्याच्याकडे होते. आम्ही चष्मा लावून दोनदा तपासले आणि म्हणालो, घे. त्याने आमच्यासमोरच चावी उघडली. त्या सहांपैकीच एक निघाला.

ताई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झाले म्हणून. पोरगा आमच्याकडे बघून हसला. "मामा, नोटीस काढायची का?"