राक्षस कोणाला म्हणायचे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी कल्पनाखेळाच्या १९७७ च्या अक्राळविक्राळ जीवांच्या कोशात आपला ‘राक्षस’ वाघाचे तोंड लावून बसला आहे. राक्षस म्हणजे मूळचे रक्षक, असे क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त सांगितले. ते अमेरिकेला ठाऊक नसेल. आपल्या पोरांना हवे.

जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी असा खेळ जरूर रचावा. वेताळ, मुंजा खुशाल घ्यावेत. डाकीण मात्र नको! सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण म्हणजे हाडामासाची बाई. गावच्या आजारपणाचे खापर जिच्यावर फुटते ती. अमुक माणूस करणी करतो, सैतान आहे, असे भासवणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. आम्ही वकील मंडळी अनुसूची आधी वाचतो. डाकिणीच्या जागी तिला डाकीण ठरवणारा भगत घाला. त्याला हरवणाऱ्याला गुण द्या.