कावीळ, भुईआवळी आणि प्रयोगप्राणी

मृगाचा पाऊस स्थिरावला, की हिंगोली जिल्ह्यातील शेतांच्या धुऱ्यांवर एक वीतभर उंचीची वनस्पती आपोआप उगवते. आवळ्यासारखी बारीक पाने आणि पानांच्या खालच्या अंगास ओळीने लागलेली मोहरीएवढी फळे यांवरून ती सहज ओळखता येते. हीच भुईआवळी. निंदणीत ती तण म्हणून उपटली जाते. पण घरात कोणाचे डोळे पिवळे झाले, की तीच मुळासकट शोधून आणली जाते. तिचा रस रुग्णास पाजतात, तेल-तूप वर्ज्य करतात, आणि वसमतच्या हळदीने सर्वदूर नाव मिळविलेल्या या जिल्ह्यातही रुग्णाच्या ताटातील हळद बंद होते. तीन-चार आठवड्यांत डोळे निवळतात आणि औषधास यश आले, असे सर्वजण मानतात.

हे यश खरोखर औषधाचे असते काय? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरासाठी संशोधकांना माकडे, बदके, उंदीर आणि अमेरिकेतील एका बिळात राहणाऱ्या प्राण्याची मदत घ्यावी लागली. त्या शोधाची ही हकीकत आपल्या आरोग्याशी निगडित आहे.

दोन वाटांची कावीळ

कावीळ हा रोग नसून यकृत बिघडल्याचे लक्षण होय. हा बिघाड घडविणाऱ्या विषाणूंचे ढोबळमानाने दोन गट पडतात. हिपॅटायटिस ए व ई हे दूषित पाणी आणि अन्न यांतून पसरतात. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ई प्रकारची होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत ऱ्हीसस माकडांवर झालेल्या अभ्यासाने या विषाणूच्या ज्ञानात मोलाची भर घातली. गर्भवती स्त्रियांना ई प्रकार घातक ठरू शकतो. एरवी ए आणि ई यांची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. औषध घेतले तरी ओसरते, न घेतले तरी ओसरते. भुईआवळीच्या यशाचे बरेचसे रहस्य येथे आहे.

हिपॅटायटिस बी व सी यांची रीत निराळी. ते रक्तातून, दूषित सुयांतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे जातात. अनेकांच्या शरीरात ते वर्षानुवर्षे मुक्काम करतात. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही. परंतु आत यकृत हळूहळू निबर होत जाते आणि अखेरीस जलोदर किंवा कर्करोग उद्भवतो. जन्माच्या वेळी बी विषाणूची लागण झालेल्या दर १० बालकांपैकी ९ बालकांत तो कायमचा ठाण मांडू शकतो. प्रौढ वयात लागण झाल्यास हे प्रमाण शेकडा ५ हून कमी असते.

जनावराचा शोध

अशा चिवट रोगाचा अभ्यास करावयाचा, तर तो एखाद्या प्राण्यात घडवून पाहावा लागतो. अडचण अशी, की बी विषाणू साध्या उंदराच्या यकृतात शिरूच शकत नाही. पेशीच्या दाराचे कुलूप माणसाचे असेल, तरच त्याची किल्ली चालते. चिंपान्झी वानरास मात्र ही लागण होते. म्हणून १९७० नंतरच्या दशकात बी विषाणूवरील पहिल्या लसीची परीक्षा चिंपान्झींवर झाली. परंतु हा प्राणी दुर्मिळ आणि माणसाचा अगदी जवळचा नातलग. त्याच्यावर प्रयोग करणे अनेकांच्या मनास पटेना, आणि आता असे प्रयोग बहुतेक बंद झाले आहेत.

मार्ग निघाला तो फिलाडेल्फिया शहरातील प्राणिसंग्रहालयात. तेथील वुडचक, म्हणजे खारीच्या कुळातील, बिळात राहून हिवाळाभर झोपणारे प्राणी, यकृताच्या कर्करोगाने मरत असल्याचे दिसून आले. १९७८ साली त्यांच्या रक्तात मानवी बी विषाणूचा जणू सख्खा भाऊ शोभावा असा विषाणू सापडला. १९८० साली तशाच विषाणूचा एक दूरचा नातलग बदकांमध्येही आढळला. आता जीर्ण यकृतदाहाचा आरंभापासून कर्करोगापर्यंतचा सारा प्रवास काही वर्षांत डोळ्यांसमोर पाहता येऊ लागला.

भुईआवळीची कसोटी

येथे आपली भुईआवळी पुन्हा भेटते. मद्रासचे संशोधक डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी या वनस्पतीचा अभ्यास हाती घेतला होता. बी विषाणूच्या शोधाबद्दल १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांच्या फिलाडेल्फियातील प्रयोगशाळेत याच कुळातील वनस्पतीचा अर्क वुडचकांना टोचण्यात आला. काही प्राण्यांच्या रक्तातील विषाणू घटला, असे १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मद्रासचे निष्कर्ष आले. महिनाभर चूर्ण दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली होती. नुसती निरुपद्रवी पूड दिलेल्या २३ जणांपैकी मात्र एकाचीच. सर्वत्र आशा पालवली.

विज्ञानाचा नियम असा, की एकदा आलेले उत्तर दुसऱ्या हातांनीही तेच यावे लागते. तसे ते आले नाही. १९९० साली बदकांवरील प्रयोगात भुईआवळीचा विषाणूवर परिणाम दिसला नाही. थायलंडमधील रुग्णांतही मद्राससारखे यश मिळाले नाही. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा २०११ साली घेण्यात आला, तेव्हा जीर्ण बी यकृतदाहात तिच्या उपयुक्ततेचा खात्रीलायक पुरावा नाही, असाच निर्णय निघाला. भुईआवळीची ही अवहेलना नव्हे; तिला मिळाला तो न्याय अन्य कोणत्याही औषधास मिळतो तोच होता.

उंदराचे यकृत आणि आपली हळद

हळदीची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन दिले असता पांढऱ्या उंदराचे यकृत होरपळते व कालांतराने निबर होते. हळदीतील पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, अशा उंदरांना दिल्यास यकृताची हानी कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. हळद उत्पादकांस हे वाचून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या उंदरात विष आहे, विषाणू नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. उलट हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृतास अपाय झाल्याच्या नोंदी अमेरिकेत व इटलीत आहेत. भाजीतील हळदीचे काविळीशी वैर नाही, तद्वतच हळदीच्या गोळीने बी विषाणू जातो, हेही खरे नाही.

प्राण्यांचा कौलही कधी चुकतो. फियालुरिडिन नावाचे औषध उंदीर, कुत्रे व माकडे यांना बाधले नव्हते. १९९३ साली अमेरिकेत ते बी यकृतदाहाच्या १५ रुग्णांना देण्यात आले. त्यांपैकी ७ जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणाने वाचले. नंतर तेच औषध वुडचकांना दीर्घकाळ दिले, तेव्हा त्यांच्यातही घातक परिणाम उशिरा प्रकट झाले. प्रश्नास अनुरूप प्राणी आणि पुरेसा काळ, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात, हा धडा पाच जिवांचे मोल देऊन मिळाला. २००१ पासून मानवी यकृतपेशी रुजविलेले उंदीर तयार होऊ लागले आहेत. फियालुरिडिनची विषबाधा अशा उंदरांत ओळखता येते, हे २०१४ साली दाखविण्यात आले.

आपल्या दारी आलेले फळ

या दीर्घ वाटचालीचे फळ आज गावोगावी उपलब्ध आहे. बालक जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी विषाणूवरील लसीची पहिली मात्रा शासकीय रुग्णालयांत विनामूल्य दिली जाते. पुढील मात्रा ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात पंचगुणी लसीतून मिळतात. वुडचकांवर पारखले गेलेले एन्टेकॅव्हिर, तसेच टेनोफोविर, ही औषधे बी विषाणूस आवर घालतात. सी प्रकार तर बहुतेक रुग्णांत साधारणतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात या रोगांची तपासणी व उपचार मोफत मिळतात. २८ जुलै हा डॉ. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस असून तोच जागतिक यकृतदाह दिन म्हणून पाळला जातो.

यास्तव घरात कावीळ झाल्यास रुग्णाचे रक्त प्रथम तपासून घ्यावे. कावीळ ए किंवा ई प्रकारची निघाली, तर विश्रांती, पुरेसा आहार व उकळलेले पाणी बहुधा पुरेसे होते. गर्भवतीस मात्र तत्काळ रुग्णालयात न्यावे. बी किंवा सी निघाल्यास डोळे निवळले म्हणून रोग गेला, असे समजू नये. गर्भवतीची बी विषाणूसाठी तपासणी आणि नवजात बालकाची पहिल्या दिवसाची लस यांत कसूर होऊ देऊ नये. धुऱ्यावरची भुईआवळी पुढच्या पावसातही उगवेल. बालकाच्या आयुष्यातील पहिले २४ तास मात्र एकदाच येतात.