नवजात अर्भकांची उपशामक शुश्रूषा

वैद्याचें काम रोग बरा करण्याचें, अशी सर्वसामान्य समजूत आहे आणि ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु रोग बरा होणें शक्य नाहीं असें ठरल्यावर वैद्यानें काय करावयाचें, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना असूनहि त्याचें पद्धतशीर शिक्षण मात्र अलीकडचें आहे. रोगी प्रौढ असला तर तो आपलें दुखणें व आपली इच्छा सांगूं शकतो. रोगी तीन दिवसांचें अर्भक असेल, तर त्याच्या वतीनें कोणी बोलावयाचें आणि काय?

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्याचें सटाणा हें मुख्य ठिकाण. आरम नदीकांठच्या या गांवीं साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागांतून लोक औषधपाण्यासाठीं येतात. एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. जन्मतःच हृदयाची व मेंदूची रचना सदोष असलेलें एक अर्भक येथून सुमारें ९० किलोमीटरवरील नाशिकला नेलें जातें. तेथें नवजात बालकांच्या खास कक्षांत तपासण्या होतात, आणि कोणत्याहि उपायानें हें मूल वांचणार नाहीं असें तिसऱ्या दिवशीं निष्पन्न होतें. आईबाप त्याला घरीं आणतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालीं २०११ पासून आजारी नवजाताचे सरकारी रुग्णालयांतील उपचार व जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. गाडी घरापर्यंत येते; वैद्यकी मात्र मागेंच राहते.

रात्रीं बाळाला धाप लागली कीं जवळचा डॉक्टर सटाण्याचाच. त्यानें तें मूल पुन्हां नाशिकला धाडावें, कीं आतां कांहीं करतां येत नाहीं असें सांगून परत लावावें? या दोहोंच्या मधली जी वाट, तिचेंच नांव उपशामक शुश्रूषा, म्हणजे रुग्णालयांच्या बोलींत पॅलिएटिव्ह केअर. मृत्यु लवकर आणावा असा तिचा हेतु नसतो, आणि तो ओढूनताणून लांबवावा असाहि नसतो. जेवढें आयुष्य आहे तेवढें वेदनेवांचून व आईच्या सहवासांत जावें, हा तिचा हेतु. रोगनिदान होतांच ती इतर उपचारांच्या जोडीनें सुरू व्हावी, असें तिचें शास्त्र सांगतें. २०१४ सालीं जागतिक आरोग्य सभेनेंहि ठराव करून ही शुश्रूषा सर्व वयाच्या रोग्यांना मिळावी असें सर्व देशांना सांगितलें.

अर्भकाला वेदना कळतच नाहींत, अशी समजूत १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांतहि होती, व त्यामुळें तान्ह्या मुलांवरील शस्त्रक्रिया कित्येकदां पुरेशा भुलीशिवाय होत. १९८७ मध्यें कंवलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनीं ऑक्सफर्ड येथें अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळीं प्रभावी वेदनाशामक दिलेल्या बालकांच्या शरीरावर ताण कमी पडला व पुढील गुंतागुंतहि कमी झाली, असें त्यांत दिसून आलें. म्हणून डॉक्टरचा पहिला धडा वेदना ओळखण्याचा. कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, आवळलेल्या मुठी, बदललेलें रडणें आणि वाढलेली नाडी, हीच अर्भकाची भाषा.

दुसरा धडा हातांचा. आईच्या उघड्या छातीशीं बाळाला धरल्यानें त्याला ऊब मिळते व वेदनाहि कमी होते. ही पद्धत १९७८ मध्यें कोलंबियांतील बोगोटा शहरीं सुरू झाली. तिला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला ओढतां येत नसेल तर काढलेलें दूध वाटी-चमच्यानें द्यावें किंवा थेंबाथेंबानें ओठांना लावावें. निरुपयोगी सुया व नळ्या काढाव्या. एवढ्यानें भागलें नाहीं तर वजन पाहून, अत्यंत काटेकोर मापानें मॉर्फिन द्यावें. हें औषध मिळवितांना रुग्णालयांना अनेक परवान्यांची अडचण येई. २०१४ च्या कायदादुरुस्तीनें ती कमी करण्याची सोय केली.

तिसरा धडा वाणीचा, आणि तो सर्वांत कठीण. पुष्कळदां बातमी बापाला व्हरांड्यांत सांगितली जाते आणि ओल्या बाळंतिणीपासून ती लपविली जाते. शिक्षणवर्गांत एक डॉक्टर आईची भूमिका घेतो, दुसरा तिच्याशीं बोलतो, व बाकीचे ऐकून चुका दाखवितात. “ताई, बाळ फार आजारी आहे. औषधानं तें बरं होणार नाहीं. पण त्याला दुखूं नये म्हणून आम्ही सर्व करूं, आणि तें तुमच्याच कुशींत राहील.” एवढीं चार वाक्यें न अडखळतां बोलणें, आणि नंतर गप्प बसणें, हेंहि सरावानेंच साधतें.

येथें लोकरीतीचें ज्ञान हवें. ग्रहणांत आपण कांहीं चिरलें म्हणूनच असें झालें, असें आई मनाशीं धरून बसलेली असते. यांत तिचा दोष नाहीं, हें डॉक्टरनें न विचारतां सांगावें. पांचवीच्या रात्रीं सटवाई बाळाचें नशीब लिहिते, अशी घरांत श्रद्धा असेल तर त्या पूजेच्या आड येऊं नये. बारसें बाराव्या दिवशीं. बाळ तोंवर राहील असा भरंवसा नसेल, तर नांव आधींच ठेवावयाचें काय, हें हलकेंच विचारावें. शेवटच्या घटकेस येणारे आचके पाहून घरचे घाबरतात. त्या वेळीं बाळाची शुद्ध बहुधा हरपलेली असते, हें त्यांना आधींच सांगून ठेवावें. बाळ गेल्यावरहि आईला पान्हा येतो, त्याचीहि कल्पना तिला द्यावी.

असें शिक्षण महाराष्ट्राला अगदींच नवें नाहीं. २०१० नंतर बालकांच्या उपशामक शुश्रूषेचा एक प्रकल्प आदिवासी भागांत जव्हार येथें, मुंबईस शीवच्या रुग्णालयांत व सोलापुरांत चालला, आणि त्यांत डॉक्टर व परिचारिका यांना शिकविण्यांत आलें. हैदराबादच्या निलोफर रुग्णालयांत तर नवजातांसाठींच अशी व्यवस्था उभी राहिली. २०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमांतहि या विषयाला स्थान मिळालें. तरी जे डॉक्टर त्यापूर्वीं शिकून बाहेर पडले, त्यांच्यापर्यंत वर्ग पोंचवावे लागतात.

येथें एक शंका संभवते. जेथें जगूं शकणारीं मुलें वांचविण्यास साधनें अपुरीं, तेथें न वांचणाऱ्यांसाठीं डॉक्टरांना का गुंतवावें? उत्तर असें कीं, दोन्हीं कामें एकाच डॉक्टरला करावीं लागतात. २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत हजार जिवंत जन्मांमागें ११ नवजात बालकें महिन्याच्या आंत दगावत. हा आंकडा आणखी खालीं यावयास हवा; पण तो शून्य होत नाहीं, तोंवर त्या मुलांना कोणी तरी हातांत घ्यावेंच लागेल. नाशिकच्या कक्षानें बाळाबरोबर स्पष्ट चिठ्ठी व औषधाचें माप पाठवावें, आणि सटाण्याच्या डॉक्टरला रात्रीं कोणाला विचारावें हें ठाऊक असावें, एवढ्यानेंहि पुष्कळ साधेल.

सटाण्यास देवमामलेदार यशवंतराव महाराजांचें मंदिर आहे. १८७०-७१ च्या दुष्काळांत या मामलेदारांनीं सरकारी खजिना भुकेल्यांसाठीं मोकळा केला, ही हकिगत बागलाणांत आजहि सांगतात. दुष्काळ हटविणें त्यांच्या हातीं नव्हतें; दारीं आलेल्याला विन्मुख न पाठविणें त्यांच्या हातीं होतें.